खारपाणपट्टा

खारपाणपट्टा हा महाराष्ट्रातील वऱ्हाड प्रदेशाचा, पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना पसरलेला आणि खाऱ्या भूजलासाठी ओळखला जाणारा मैदानी भाग आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर असून त्यात जवळजवळ नऊशे गावे येतात. येथील जमीन काळी, खोल व दिसायला कसदार आहे; भूगर्भात पाणीही आहे. तरीही विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुतेक ठिकाणी पिण्यास आणि ओलितास अयोग्य असल्याने पिण्याचे पाणी दूरच्या धरणांतून आणावे लागते आणि शेती मुख्यतः पावसावर अवलंबून राहते.

जमिनीत पाणी असूनही ते सजीवांच्या उपयोगी का पडत नाही, हे समजण्यासाठी जीवशास्त्रातील काही मूलभूत संकल्पना उपयोगी पडतात. पेशीच्या पटलातून पाण्याची ये-जा कशी होते, मानवी मूत्रपिंड शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल कसा राखते आणि जंगल, माती व नदी मिळून एखाद्या प्रदेशातील पाण्याची प्रत कशी ठरवतात, या तीन पातळ्यांवर प्रस्तुत लेखात खारपाणपट्ट्याचा विचार केला आहे.

नाव व स्थान

‘खारपाण’ म्हणजे खारे पाणी. असे पाणी लागणारा पट्टा तो खारपाणपट्टा. वऱ्हाडात पिण्यायोग्य पाण्याला ‘गोड पाणी’ म्हणतात. त्यात साखरेची गोडी अभिप्रेत नसून खारटपणाचा अभाव अभिप्रेत असतो. वऱ्हाडचे पूर्वापार तीन नैसर्गिक विभाग मानले जातात : उत्तरेचा डोंगराळ मेळघाट, मधला सखल पयनघाट आणि दक्षिणेचा उंचावरील बालाघाट. खारपाणपट्टा हा यांपैकी पयनघाटाचा गाभा आहे.

पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्याच्या रांगांत उगम पावते आणि अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापी नदीला मिळते. तिच्या काठचे दर्यापूर, भातकुली व अंजनगाव सुर्जी (अमरावती), मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर व अकोला (अकोला) आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा (बुलढाणा) हे तालुके पूर्णतः किंवा अंशतः या पट्ट्यात मोडतात. पूर्णाकाठच्या भूजलातील क्षारांची माहिती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत अकोला जिल्ह्यातील दहीहंडा परिसरात विहिरींच्या पाण्यापासून हलक्या प्रतीचे मीठ काढले जात असे.

पाणी खारे होण्याची कारणे

सर्व खडकांची हवा, पाणी व तापमान यांच्या परिणामाने झीज होते आणि त्यांतील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही द्रव्ये पाण्यात उतरतात. निचरा चांगला असलेल्या प्रदेशात पावसाचे पाणी ही द्रव्ये नद्यांवाटे वाहून नेते. पूर्णेच्या खोऱ्यात तसे पुरेसे घडत नाही. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामध्ये खचलेल्या या भागात नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला असून काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो मीटर आहे. मैदानाचा उतार अत्यंत मंद आणि मातीचे कण अतिसूक्ष्म असल्याने पाणी खाली झिरपण्यास व पुढे सरकण्यास फार वेळ लागतो.

त्यात हवामानाची भर पडते. येथे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेल्या काळात पावसापेक्षा बाष्पीभवन अधिक असते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहून वर जाते. केशाकर्षणाने मातीतील ओल वर चढते, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे चाललेल्या या क्रियेतून क्षारांचा साठा वाढत गेला. या क्षारांत केवळ स्वयंपाकातील मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड नसते. सोडियमचे बायकार्बोनेट व सल्फेट, तसेच पाण्याला जडपणा आणणारे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षारही असतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १०५०० या मानकात (२०१२) पुढील मर्यादा ठरवल्या आहेत. पहिला आकडा स्वीकारार्ह मर्यादा दाखवतो. दुसरा आकडा पाण्याचा पर्यायी स्रोत उपलब्ध नसतानाची कमाल मर्यादा आहे. सर्व आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटर या एककात आहेत.

• एकूण विद्राव्य घनपदार्थ : ५०० / २,०००
• क्लोराइड : २५० / १,०००
• एकूण जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात) : २०० / ६००
• नायट्रेट : ४५ / सवलत नाही

पेशी आणि परासरण

सर्व सजीव पेशींचे बनलेले आहेत आणि प्रत्येक पेशीभोवती प्रद्रव्यपटल असते. मेदद्रव्यांच्या दोन थरांचे व प्रथिनांचे हे पटल एका मिलिमीटरच्या सुमारे एक लक्षांश इतके पातळ असते. ते निवडक्षम असते, म्हणजे काही पदार्थांना जाऊ देते आणि काहींना अडवते. पाण्याचे रेणू त्यातून जाऊ शकतात. विरघळलेल्या क्षारांच्या आयनांना मात्र विशिष्ट प्रथिनांच्या वाटेनेच जावे लागते. पाण्यासाठीही पटलात स्वतंत्र मार्गिका असतात. ‘ॲक्वापोरिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गिकांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निवडक्षम पटलाच्या एका बाजूस विद्राव्य पदार्थ कमी व दुसऱ्या बाजूस जास्त असल्यास पाणी कमी विद्राव्याकडून जास्त विद्राव्याकडे जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. घरोघरी दिसणारे तिचे उदाहरण म्हणजे कैरीचे लोणचे. चिरलेल्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही तासांत त्यांना पाणी सुटते, फोडी मऊ पडतात आणि बरणीत ‘खार’ जमतो. बाहेरच्या मिठाने फोडींच्या पेशींतील पाणी ओढून घेतलेले असते.

पेशीभोवतालच्या द्रावणाचे यावरून तीन प्रकार केले जातात :

• समपरासारी द्रावण : पेशीच्या आत व बाहेर विद्राव्याचे प्रमाण सारखे असते. पेशीचा आकार बदलत नाही.
• अवपरासारी द्रावण : बाहेर विद्राव्य कमी असते. पाणी पेशीत शिरते व ती फुगते.
• अतिपरासारी द्रावण : बाहेर विद्राव्य जास्त असते. पाणी पेशीतून बाहेर पडते व ती आकसते.

मानवी रक्तातील तांबड्या पेशी शुद्ध पाण्यात ठेवल्यास फुगून फुटतात आणि दाट मिठाच्या पाण्यात आकसतात. रुग्णाच्या शिरेतून देण्यात येणाऱ्या साध्या ‘सलाईन’मध्ये दर लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, कारण या प्रमाणात ते रक्ताशी समपरासारी ठरते.

वनस्पतिपेशीला प्रद्रव्यपटलाबाहेर सेल्युलोजची ताठ पेशीभित्तिका आणि आत पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते. त्यामुळे पाणी शिरल्यावर ती फुटत नाही, तर ताठ होते. कोवळे रोप या ताठपणामुळेच उभे राहते. पेशीतून पाणी बाहेर गेल्यास प्रद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटते. याला रससंकोच म्हणतात. रोपाची पाने मलूल होतात ती पेशींतील हा दाब कमी झाल्यामुळे.

पेशी क्षारांच्या बाबतीत निष्क्रिय नसते. प्राणिपेशीच्या पटलातील सोडियम-पोटॅशियम पंप हे प्रथिन ऊर्जा खर्च करून दर फेरीत सोडियमचे तीन आयन बाहेर टाकते आणि पोटॅशियमचे दोन आयन आत घेते. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यासाठी त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वनस्पती वेगळ्या पंपांच्या साहाय्याने नको असलेला सोडियम बाहेर ढकलतात किंवा रिक्तिकेत कोंडून ठेवतात. क्षारांना दूर ठेवण्यासाठी ऊर्जा लागते आणि ती श्वसनातून मिळते, ही बाब खारपाणपट्ट्यातील शेती समजून घेताना महत्त्वाची ठरते.

पिकांवर होणारे परिणाम

मुळांच्या टोकाजवळील मूलरोमे मातीतील पाणी परासरणाने शोषतात. त्यासाठी मातीतील द्रावण पेशीरसापेक्षा विरळ असावे लागते. खाऱ्या पाण्याने ओलीत केल्यास मातीतील क्षार वाढतात आणि हा फरक कमी होतो. अशा वेळी हाताला माती ओली लागते, पण मुळांना त्यातील पाणी घेणे अवघड जाते आणि पीक भर दुपारी माना टाकते. पाणी असूनही वनस्पतीला ते मिळत नसल्याने या स्थितीला क्रियात्मक दुष्काळ म्हणतात.

दुसरा परिणाम विषबाधेचा असतो. सोडियम व क्लोराइड पानांत साचतात आणि पानांच्या कडा करपतात. सोडियमचे आयन पोटॅशियमच्या शोषणात अडथळा आणतात, त्यामुळे पोटॅशियमवर चालणारी पर्णरंध्रांची उघडझाप आणि अनेक विकरांचे कार्य बिघडते. तिसरा परिणाम ऊर्जेचा आहे. क्षार बाहेर टाकण्यात खर्च झालेली ऊर्जा वाढीसाठी, फुलांसाठी व बोंडांसाठी उरत नाही.

सर्व पिकांची सहनशक्ती सारखी नसते. कपाशी ही क्षार सहन करणाऱ्या पिकांत गणली जाते. मात्र उगवणीच्या व रोपावस्थेच्या काळात तीही नाजूक असते. ज्वारी मध्यम सहनशील आहे. मूग व हरभरा ही कडधान्ये संवेदनशील आहेत. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम जीवाणू राहतात आणि हवेतील नायट्रोजनचे स्थिरीकरण करतात. क्षार वाढल्यास या गाठी कमी तयार होतात, म्हणजे पिकाबरोबर त्याच्या सोबतचा जीवाणूही अडचणीत येतो.

तरीही खारपाणपट्ट्यात रब्बीत हरभरा मोठ्या प्रमाणावर घेतला जातो. पावसाळ्यात पडलेले पाणी जमिनीच्या वरच्या थरातील क्षार खाली ढकलते आणि खोल काळी माती ते गोड पाणी धरून ठेवते. त्या ओलाव्यावर, वरून पाणी न देता, हरभरा येतो. विहिरीचे खारे पाणी देऊन हाच हरभरा वाढवण्याचा प्रयत्न केल्यास पावसाने खाली नेलेले क्षार पुन्हा मुळांशी येतात.

चोपण जमीन आणि वाफसा

पूर्णा खोऱ्यातील प्रश्न केवळ खारटपणाचा नाही. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार एकूणच जास्त असतात. चोपण जमिनीत मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण जास्त असते. या खोऱ्यात दुसरा दोष विशेष आढळतो.

काळ्या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म, पत्र्यांसारखे कण असतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्याने त्यांना धन आयन चिकटतात. चिकटलेले आयन कॅल्शियमचे असतील तर कण एकत्र येऊन रवाळ ढेकळे बनतात आणि त्यांच्यामधील पोकळ्यांतून हवा व पाणी खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण एकमेकांपासून सुटतात आणि पोकळ्या बुजवतात. अशी जमीन पावसात चिखलासारखी चिकट होते, पाणी दिवसेंदिवस साचून राहते आणि वाळल्यावर दगडासारखी टणक होऊन तिला रुंद भेगा पडतात. चिकटलेल्या धन आयनांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण मानण्याची पद्धत आहे. पूर्णा खोऱ्यातील भारी काळ्या जमिनींत मात्र त्यापेक्षा कमी प्रमाणातही निचरा बिघडतो.

शेतकऱ्यांच्या भाषेतील ‘वाफसा’ हा शब्द येथे नेमका लागू पडतो. मातीत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण असण्याची स्थिती म्हणजे वाफसा. मुळांच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. पेशीतील तंतुकणिका ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा मिळवतात. पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन संपतो, ऊर्जा कमी पडते आणि सोडियम बाहेर ठेवणारे पंप मंदावतात. त्यामुळे पाणी तुंबलेल्या चोपण जमिनीत पीक गुदमरते आणि त्याच वेळी त्यात क्षारही अधिक शिरतात. गांडुळे व हवेवर जगणारे सूक्ष्मजीवही अशा मातीत कमी होतात, परिणामी पालापाचोळा कुजण्याचा आणि त्यातील पोषकद्रव्ये पिकाला मिळण्याचा वेग घटतो.

मानवी शरीर : मूत्रपिंडाचे कार्य

प्रौढ मानवाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाण्याचा असतो. रक्तद्रवातील सोडियमचे प्रमाण दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या अरुंद मर्यादेत राहावे लागते. हा तोल राखण्याचे मुख्य काम मूत्रपिंडे करतात.

मूत्रपिंडे उदरपोकळीच्या मागच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांजवळ असतात. प्रत्येकाची लांबी १० ते १२ सेंटिमीटर व वजन साधारण १५० ग्रॅम असते. एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख वृक्काणू, म्हणजे नेफ्रॉन, असतात. वृक्काणूच्या टोकाशी बोमनचे संपुट असून त्यात रक्तकेशिकांचा गुच्छ असतो. येथे रक्ताच्या दाबामुळे पाणी, क्षार, ग्लुकोज, युरिया गाळले जातात. रक्तपेशी व मोठी प्रथिने मागे राहतात. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. पुढच्या नलिकेत त्यातील ९९ टक्के पाणी आणि शरीराला हवी असलेली द्रव्ये पुन्हा रक्तात शोषली जातात. उरलेले एक-दोन लिटर पाणी मूत्ररूपाने बाहेर पडते.

घामावाटे पाणी गेले की रक्त किंचित दाट होते. मेंदूतील अधश्चेतक हा बदल ओळखतो, तहानेची जाणीव निर्माण करतो आणि पीयूषिका ग्रंथीतून मूत्ररोधी संप्रेरक स्रवते. या संप्रेरकामुळे वृक्काणूच्या अखेरच्या भागात ॲक्वापोरिन मार्गिका वाढतात, पाणी रक्तात परत घेतले जाते आणि लघवी कमी व गडद होते. सोडियम किती राखायचा याचे नियंत्रण अधिवृक्क ग्रंथीतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक करते.

खारे पाणी पिण्याचे परिणाम

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकण्यासाठी प्यालेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च होते, म्हणून समुद्राचे पाणी पिऊन तहान वाढते. खारपाणपट्ट्यातील विहिरीच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. लिटरला दोन-तीन ग्रॅम क्षार असलेले पाणी चवीला मचूळ किंवा खारट लागले तरी रक्ताच्या तुलनेने ते विरळच असते. ते प्याल्याने पेशी आकसत नाहीत. त्याचा परिणाम रोज साठत जाणाऱ्या भाराच्या स्वरूपाचा असतो. उन्हात राबणारी व्यक्ती दिवसाला पाच लिटर पाणी पिते असे धरल्यास, लिटरला २,००० मिलिग्रॅम विद्राव्य पदार्थ असलेल्या पाण्यातून तिच्या पोटात १० ग्रॅम क्षार जातात. त्यात सोडियमचा वाटा किती, हे त्या पाण्यावर अवलंबून असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सर्व आहारातून मिळून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. अतिरिक्त सोडियममुळे रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. सल्फेट व मॅग्नेशियम जास्त असलेल्या पाण्याने पोट बिघडते. नायट्रेट जास्त असल्यास लहान बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते.

मुतखड्याचा संबंध लघवीच्या दाटपणाशी आहे. लघवीतील कॅल्शियम, ऑक्झलेट, यूरिक आम्ल यांचे प्रमाण विरघळण्याच्या मर्यादेबाहेर गेले की त्यांचे स्फटिक बनतात. उन्हाळ्यात भरपूर घाम जाऊन पाणी कमी प्यायले गेल्यास ही स्थिती लवकर येते. पाण्याची चव नकोशी असली की माणूस तहानेपुरतेही पाणी पीत नाही, ही खाऱ्या पाण्याची अप्रत्यक्ष हानी आहे.

खारपाणपट्ट्यातील गावांमधील मूत्रपिंड विकारांचा प्रश्न वृत्तपत्रांतून व लोकचर्चेतून वारंवार मांडला गेला आहे. जुनाट मूत्रपिंड विकाराची जगभरातील दोन प्रमुख कारणे मधुमेह व उच्च रक्तदाब ही आहेत. मूत्रमार्गातील अडथळा, वेदनाशामक गोळ्यांचा दीर्घकाळ व अनिर्बंध वापर आणि काही आनुवंशिक दोष यांनीही मूत्रपिंडे निकामी होतात. त्यामुळे प्रत्येक रुग्णाचा आजार पाण्याच्या माथी मारल्यास साखर व रक्तदाब तपासायचे राहून जाते, आणि पाण्याचा प्रश्न गौण मानल्यास त्या रुग्णावर रोज पडणारा क्षारांचा भार तसाच राहतो. मूत्रपिंडांची राखीव क्षमता मोठी असल्याने बराचसा भाग निकामी होईपर्यंत लक्षणे दिसत नाहीत. रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन यांच्या साध्या तपासण्यांतून बिघाड आधी कळू शकतो. कार्य पूर्ण थांबल्यास डायलिसिस करावे लागते. त्यात रक्त एका कृत्रिम निवडक्षम पटलाच्या एका बाजूने वाहते आणि टाकाऊ द्रव्ये पलीकडच्या द्रावणात विसरित होतात, म्हणजे वृक्काणूचे काम यंत्राकडून करवून घेतले जाते.

पाणी शुद्धीकरण आणि क्षार

जंतू, गढूळपणा आणि क्षार हे पाण्याचे तीन वेगळे दोष आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

• उकळणे : जंतू मरतात. क्षार कमी होत नाहीत. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते. काही पाण्यांत जडपणाचा काही भाग भांड्याच्या तळाशी पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो.
• तुरटी : गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार तसेच राहतात.
• क्लोरीन किंवा ब्लिचिंग पावडर : जंतुनाश होतो. क्षारांवर परिणाम होत नाही.
• आरओ : खाऱ्या पाण्यावर दाब देऊन ते निवडक्षम पटलातून ढकलले जाते आणि क्षार मागे राहतात. परासरणाच्या नैसर्गिक दिशेच्या उलट ही क्रिया असल्याने तिला ऊर्जा लागते. मागे उरलेले दाट खारे पाणी मोकळ्या जागेत किंवा नाल्यात सोडल्यास ते पुन्हा जमिनीत मुरते.
• पावसाचे पाणी साठवणे : पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ छतावरून झाकलेल्या टाकीत घेतलेले पाणी जंतुनाशनानंतर पिण्यास वापरता येते.

जुलाब झाल्यास देण्यात येणारी ओआरएसची पुडी पिण्यायोग्य गोड पाण्यातच विरघळवावी लागते. पुडीतील मीठ व ग्लुकोज एक लिटर पाण्याच्या हिशेबाने मोजलेले असतात. खाऱ्या पाण्यात ते मिसळल्यास सोडियमचे प्रमाण ठरलेल्यापेक्षा वाढते.

परिसंस्था : सातपुड्यापासून पूर्णेपर्यंत

सजीव आणि त्यांचे निर्जीव पर्यावरण यांच्या परस्परसंबंधांतून परिसंस्था बनते. सातपुड्याच्या माथ्यापासून पूर्णेच्या पात्रापर्यंत थोड्याच अंतरात तीन वेगवेगळ्या परिसंस्था लागतात आणि पाणी त्यांना एकमेकींशी जोडते.

पहिली मेळघाटची. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. सागाच्या या पानझडी जंगलात झाडांची छत्री पावसाचा मारा झेलते, पालापाचोळ्याचा थर पाणी धरून ठेवतो आणि मुळांच्या वाटांनी ते सावकाश मुरते.

दुसरी डोंगराच्या पायथ्याची. येथे ओढ्यांनी आणलेल्या दगडगोट्यांचा व भरड गाळाचा बझाडा पट्टा आहे. त्यात पाणी झपाट्याने मुरते आणि गोड राहते. अचलपूर, अंजनगाव सुर्जी व अकोट भागांतील संत्रा, केळी व पानपिंपळी यांची लागवड या पाण्यावर उभी आहे.

तिसरी मैदानाची, म्हणजे खारपाणपट्ट्याची. भरड गाळ संपून चिकणमाती सुरू होते तसे भूजल खारट होत जाते. एकाच तालुक्याच्या उत्तरेकडील गावात संत्र्याच्या बागा आणि दक्षिणेकडील गावात केवळ पावसावरची कपाशी व तूर, असे चित्र यामुळे दिसते. पडीक व क्षारयुक्त जागी बाभूळ तग धरते. बाहेरून आलेली वेडी बाभूळही अशा जागी वेगाने पसरते. मोकळ्या शिवारांत काळवीट व नीलगाय यांचा वावर असतो.

मैदानातील गावांना लागणारे गोड पाणी वरच्या भागांतून येते. सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीवर वारी भैरवगडजवळ बांधलेल्या वान प्रकल्पातून अकोला जिल्ह्यातील खेड्यांना, तर शहानूर प्रकल्पातून अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव व दर्यापूर भागांतील गावांना पाणी पुरवले जाते. दक्षिणेकडून येणाऱ्या काटेपूर्णा नदीवरील महान येथील धरण अकोला शहराची तहान भागवते. डोंगरावरील जंगल विरळ झाल्यास पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते, मातीची धूप होते आणि धरणांत गाळ साचतो. याचा परिणाम अखेरीस मैदानातील नळाला पाणी किती दिवसांनी येते यावर होतो. धरणाच्या पाण्यावर सिंचन आणि पिण्याचे पाणी या दोन्ही गरजांचा हक्क असल्याने त्याच्या वाटपावरून या भागात वाद उद्भवत राहतात.

शेतीचे व्यवस्थापन

अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात (स्थापना १९६९) खारपाणपट्ट्यातील जमिनींवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही पूर्णा खोऱ्यातील क्षारग्रस्त गावांचा समावेश करण्यात आला. सुधारणेचे मुख्य उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

• जिप्सम : यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो. सुटा झालेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली किंवा बाहेर जाण्यासाठी निचऱ्याची सोय आवश्यक असते. नाहीतर तो तेथेच राहतो.
• हिरवळीचे खत : ढैंचा हे पीक चोपण जमिनीत तग धरते. ते फुलोऱ्यापूर्वी गाडल्यास सेंद्रिय पदार्थ वाढतो आणि कुजताना तयार होणाऱ्या आम्लांमुळे मातीतील चुन्यातील कॅल्शियम मोकळा होतो.
• शेततळी : पावसाचे गोड पाणी साठवून पावसाच्या खंडात एक-दोन संरक्षित ओलिते देता येतात.
• रुंद वरंबा व सरी : जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि वरंब्यावरील मुळांना वाफसा मिळतो.
• पिकांची निवड : कपाशी, ज्वारी यांसारखी सहनशील पिके आणि साठलेल्या ओलाव्यावर येणारा हरभरा यांना प्राधान्य दिले जाते.

कालव्याने गोड पाणी आणले म्हणजे प्रश्न सुटतोच असे नाही. निचरा नसलेल्या भारी जमिनीला वारंवार पाणी दिल्यास भूजलाची पातळी वर येते, तिच्याबरोबर खालचे क्षार मुळांपर्यंत पोहोचतात आणि चांगली जमीनही नापीक होते. म्हणून खारपाणपट्ट्यात पाणी देण्याच्या सोयीइतकीच जास्तीचे पाणी काढून देण्याची सोय महत्त्वाची मानली जाते.

हेही पहा

• पूर्णा नदी
• मेळघाट व्याघ्र प्रकल्प
• परासरण
• मूत्रपिंड
• काळी मृदा
• वऱ्हाड